सात हजार सहाशे फेरे

४ फेब्रुवारी

प्रिय भुंग्या,

आज एका दुकानदाराने मला जवळजवळ दुकानाबाहेर काढलं. बसस्थानकामागच्या गल्लीत वाद्यं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना तारकाका म्हणतात. वय सत्तरीपुढे, जीभ मात्र ऐन पंचविशीतली. मी आत गेले आणि म्हटलं, "एक चांगली इलेक्ट्रिक गिटार दाखवा. सगळ्यांत दमदार आवाजाची."

"कोणासाठी?"

"धाकट्या बहिणीसाठी."

"वाजवते कशी?"

"उत्तम."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "उत्तम हे प्रमाणपत्रावर लिहितात, बाई. मी विचारतोय, वाजवते कशी? पिकने की बोटांनी? हात जड आहे की हलका? एकटी वाजवते की मागे ड्रम असतो? स्वच्छ आवाज आवडतो की फाटलेला? पंजा केवढा आहे?"

हजार माणसांपुढे हातात कागद न घेता दीड तास बोलणारी मी त्या एका म्हाताऱ्यापुढे गप्प झाले. पंजा केवढा आहे, तेवढंसुद्धा मला हवेत हात धरून सांगता येईना. ते म्हणाले, "आधी बहिणीची ओळख करून घ्या. गिटार कुठे पळून जात नाही." आणि पुन्हा आपल्या कामाला लागले.

घरी आल्यावर त्यांचे प्रश्न लिहून काढले. यादी सोबत जोडणार होते, पण मी यादी जोडली की ती मागण्यांचं निवेदन वाटते. म्हणून एकच विचारते. तू हल्ली वाजवतेस कशी?

सात वर्षांनी पत्र लिहिते आहे. माझे फोन तू घेत नाहीस, त्याबद्दल तक्रार नाही. फोनवर मी बोलतच सुटते, कागदावर निदान हात दुखतो. बाबा म्हणायचे ते आठवतं का? एका घरात देवाने एक भोंगा दिला आणि एक भुंगा. भोंगा मी. तू दिवसभर काहीतरी गुणगुणत फिरायचीस आणि मी ओरडायचे, अगं जरा गप्प बस, मला उद्याचं भाषण तयार करायचंय. तू अजून दुसऱ्यांची गिटार मागून वाजवतेस, असं परवा आईच्या तोंडून निसटलं. ते ऐकल्यापासून घास गोड लागत नाही.

कारखान्यातल्या त्या संपाबद्दल मी काही मागे घेणार नाही. संप बरोबर होता. वाइंडिंग खात्यातल्या बायका बारा-बारा तास उभ्याने काम करायच्या. आज त्यांना बसायला स्टूल आहेत, ते त्या संपामुळे. हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण एक्केचाळिसाव्या दिवशी तू कंपनीच्या वर्धापनदिनाला गिटार वाजवायला गेलीस, आणि मी गेटवर उभी राहून माइकवरून तुझं नाव घेतलं, ते वेगळं. तू बाहेर आलीस तेव्हा गर्दीत कोणीतरी तुझ्या खांद्यावरची गिटार ओढली आणि तिची मान मोडली. चौथ्या दिवशी तू घर सोडून गेलीस. तू का वाजवायला गेलीस ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, भुंग्या. मागाहून कळलं. एवढं तरी तू मानावंस.

मोडलेली गिटार माझ्या पलंगाखाली आहे. जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली आहे.

तुझी,
ताई


१ मार्च

प्रिय भुंग्या,

उत्तर आलं नाही. आलं असतं तर मीच दचकले असते.

दर रविवारी आई मागच्या खोलीत जाते, दार लोटून घेते आणि तुझ्याशी बोलते. सात वर्षं मी त्या वेळेला मुद्दाम भांडी घासते, म्हणजे काही ऐकू येऊ नये. या रविवारी घासली नाहीत. ती बाहेर आल्यावर विचारलं, "आई, ती वाजवते कशी?"

"बसून," आई म्हणाली.

"बसून म्हणजे?"

"म्हणजे खुर्चीवर. आता उभ्याने नाही वाजवत."

"अगं, तसं नाही. हात कसा आहे तिचा?"

आईने माझ्याकडे नीट पाहिलं. मग आपला फोन माझ्या हातात दिला. "हे बघ. पण मी दाखवलं असं तिला सांगू नकोस."

"नाही सांगणार," मी म्हटलं, आणि इथे लिहूनही टाकलं. गुपित ठेवणं माझ्या घशाला कधी जमलं नाही.

चार मिनिटांची चित्रफीत होती. चेहरा दिसत नाही. एक खिडकी, खुर्चीची कड आणि तुझे दोन हात. आधी मला वाटलं, फोनचा आवाज कमी आहे. पूर्ण वाढवला, तरी तेवढाच. मग कळलं, तूच तेवढं हळू वाजवतेस. मध्येच एक सूर इतका बारीक येतो की तो आला की नाही अशी शंका यावी, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा जरासा मोठा येतो, तेव्हा अंगावर काटा येतो. मला संगीतातलं काही कळत नाही. तरी आला.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन घेऊन तारकाकांकडे गेले. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून दोनदा पाहिला. "पिक नाही. अंगठा आणि दोन बोटं. हात पिसासारखा हलका. एकटीच वाजवते आणि सुरांच्या मधली जागा रिकामी ठेवायला घाबरत नाही. अशी माणसं कमी." मग त्यांनी चित्र थांबवलं. "डाव्या हाताचं तिसरं बोट कुठे आहे?"

मी पाहिलं. बोट होतं, पण तारांवर नव्हतं. जिथे ते पडायला हवं तिथे तू करंगळी पाठवतेस, नाहीतर तो सूरच सोडून देतेस. ते बोट अर्धं वाकून बाजूला राहतं.

घरी येऊन आईला विचारलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "गिटार ओढली ना त्यांनी, तेव्हा पट्ट्यात अडकलं होतं. नंतर सरळ झालंच नाही."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तू माइकवर होतीस. तुला कोण सांगणार?"

भुंग्या, त्या बोटाचं मला माहीत नव्हतं. हे अगदी खरं आहे.

ताई


२३ मार्च

प्रिय भुंग्या,

गिटार घेतली. कशी घेतली ते सांगते, म्हणजे मी आपली उचलून आणली असं तुला वाटणार नाही.

मी आधी मनात धरली होती ती काळीभोर, जाडजूड, दोन हमबकर पिकअपवाली. पिकअप म्हणजे तारांखालचा, आवाज पकडणारा भाग, हे मला त्या दिवशीच कळलं. खांद्यावर घेतली की बंदूक घेतल्यासारखं वाटावं अशी. काकांनी ती ॲम्पला लावून वाजवली. भरदार आवाज, मागे कसली घरघर नाही. मी खूश. मग त्यांनी दुसरी घेतली, सिंगल कॉइलवाली, आणि तीच ओळ तुझ्यासारखी, अंगठ्याने, हळू वाजवली. आवाज पातळ होता, मागे थोडी गुणगुणही होती, पण प्रत्येक तार वेगळी ऐकू येत होती. काका म्हणाले, "हमबकरमध्ये दोन कॉइल एकमेकींची घरघर मारतात. ज्याला दणदणीत वाजवायचंय, आवाज फाडायचाय, त्याला ते हवं. तिच्या हातात ते घोंगडी पांघरल्यासारखं होईल. तिला सिंगल कॉइल द्या. थोडी गुणगुण येईल मागून."

"गुणगुणीची तिला सवय आहे," मी म्हटलं.

गिटार वजनाला हलकी आहे, कोऱ्या चहाच्या रंगाची. मान बारीक आहे आणि तारांची लांबी नेहमीपेक्षा जराशी कमी. त्यामुळे तारा थोड्या सैल लागतात आणि मानेवरच्या फ्रेटच्या पट्ट्या जवळजवळ येतात. ते तिसऱ्या बोटासाठी. काकांनी माझाच हात मानेवर ठेवून तिसरं बोट वाकवायला लावलं आणि एकेक गिटार मोजून पाहिली. माझा पंजा तुझ्यापेक्षा अर्धं पेर मोठा आहे. आईला विचारलं होतं.

आता खरी गोष्ट. त्या गिटारमधले पिकअप सामान्य होते. काकांनी एक उघडून दाखवला, आणि मला हसूच आलं. आत काय असतं माहीत आहे? लोहचुंबकाचे सहा तुकडे आणि त्यांच्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो फेरे. वर पोलादी तार हलली की त्या फेऱ्यांमध्ये वीज उठते आणि ॲम्पकडे जाते. अगं, हे तर माझं काम. एकवीस वर्षं मी विजेच्या रिलेच्या कॉइल गुंडाळते आहे. तू आयुष्यभर जे वाजवत होतीस त्याच्या पोटात माझा धंदा होता, आणि दोघींना एकाच घरात राहून पत्ता नाही.

"मी गुंडाळीन," म्हटलं. "किती फेरे?"

"साधारण सात हजार सहाशे."

"जास्त घातले तर?"

"आवाज वाढेल," काका म्हणाले, आणि पुढे आणखी काहीतरी सांगत होते, पण माझी बस सुटत होती.

जेवणाच्या सुट्टीत मशीनवर बसून दोन्ही पिकअप मी स्वतः गुंडाळले. तार विकतची, कंपनीची नाही. तू विचारशील म्हणून लिहिते. नऊ हजार आठशे फेरे घातले. बॉबिनवर आणखी एक मावला नसता. थरावर थर, फेऱ्याला फेरा चिकटून, कुठे केसभर फट नाही. बाजूच्या मशीनवरची म्हणाली, "ताई, मी बारा वर्षं बघतेय, एवढ्या मायेने तुम्ही एक रिले नाही केलात." काका दोन दिवस गावी गेले होते, म्हणून त्यांच्या हाताखालच्या कारागिराकडून पिकअप बसवून घेतले आणि उद्या खोक्यात भरून पाठवते आहे. आतून तुझी जुनी चादर लावली आहे.

जपून उघड.

ताई


१२ एप्रिल

भुंग्या,

खोकं परत आलं. आत गिटार, चादर आणि चिठ्ठी. चिठ्ठी मला पाठ झाली आहे. "मान हातात बसते. तिसरं बोटही पोचतं. पण कितीही हळू वाजवलं तरी ही ओरडते. हळू आणि जोरात यात फरकच राहत नाही. परत पाठवते आहे."

वर मायना नाही, खाली सही नाही. तरी आईला तीनदा वाचून दाखवली.

आधी मला राग आला. खोटं कशाला बोलू? दोन पानं लिहून काढली. कष्टांची किंमत, हेतू, वगैरे. मोठमोठे शब्द मला बोलवायला लागत नाहीत, आपणहून रांगेत येऊन उभे राहतात. मग ती पानं फाडली आणि गिटार घेऊन दुकानात गेले.

काकांनी ती ॲम्पला लावली, दोन तारा छेडल्या आणि लगेच हात ठेवून बंद केल्या. पिकअप बाहेर काढला, भिंग लावून पाहिला.

"हे कोणी गुंडाळलं?"

"मी."

"सुंदर आहे." पिकअप उलटा करून म्हणाले, "म्हणूनच आवाज बसलाय. किती घातलेत?"

सांगितलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं. "बाई, मी तुम्हाला सांगत होतो, फेरे वाढवले की आवाज वाढेल, पण बारीक सूर आतच अडकतील. तुम्ही अर्ध्या वाक्यावर बसच्या मागे धावलात."

"मला वाटलं, आवाज वाढणं चांगलंच."

"कोणासाठी? तिने हात हलका ठेवून केवढे कष्ट घेतलेत, आणि तुम्ही तिच्या प्रत्येक सुराची घोषणा करून ठेवलीत." मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "तुम्ही पिकअपला तोंड समजलात. ते तोंड नव्हे, कान आहे. ओरडायचं काम ॲम्पचं. याने फक्त नीट ऐकायचं असतं."

मी विचारलं, वरचे दोन हजार फेरे उलगडून टाकले तर? ते म्हणाले, नुसतं तेवढ्याने भागणार नाही. हे काम रिलेच्या शिस्तीचं झालंय. रिलेत फेरा इकडचा तिकडे झाला तर माल नापास होतो. इथे फेऱ्यांनी थोडं इकडेतिकडे जावं लागतं, आडवंतिडवं पडावं लागतं, मध्ये हवा राहावी लागते. एकमेकांना चिकटून, दाबून बसवले की आवाज गुदमरतो. "सगळं काढा. कोऱ्या बॉबिनवर पुन्हा सुरू करा. मशीनने फिरवा, पण तार हाताने सोडा, आणि हात जरा मोकळा ठेवा."

हात मोकळा ठेवा म्हणे. एकवीस वर्षं हा हात सरळ चालतो, म्हणून तर मी त्या खात्यात पहिली आहे.

संध्याकाळी खिडकीत बसून नऊ हजार आठशे फेरे उलगडले. कापून टाकता आले असते. उलगडले.

ताई


३० एप्रिल

प्रिय भुंग्या,

पहिले तीन वाया गेले. एकात तार तुटली. उरलेल्या दोन्हींत मी कितीही ठरवलं तरी फेरे ओळीत जाऊन बसले. शेजारची म्हणाली, "ताई, वाकडं काम करायला पण शिकावं लागतं." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण रडकुंडीला आले होते.

चौथ्या वेळी मी आईचा फोन मशीनशेजारी उभा केला आणि तुझी ती चार मिनिटं लावली. संपली की पुन्हा. काउंटरकडे पाहिलं नाही, तुझ्या अंगठ्याकडे पाहिलं. तू जिथे थांबतेस तिथे माझा हात थोडा रेंगाळायचा, तू पुढे गेलीस की तोही सरकायचा. काउंटर सात हजार सहाशेवर टकटकला तेव्हा बॉबिनवर अजून बरीच जागा होती. ती रिकामी जागा बघवत नव्हती. तशीच सोडली. दुसराही तसाच केला. काकांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "आता कोणी म्हणणार नाही की हे रिलेवालीचं काम आहे." या माणसाच्या तोंडून याहून मोठं कौतुक निघणार नाही.

गिटार पुन्हा पाठवते आहे. त्याआधी एक गोष्ट.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू का वाजवायला गेलीस ते मला ठाऊक नव्हतं. ते खोटं आहे. ठाऊक होतं.

आदल्या संध्याकाळी तू स्वयंपाकघरात आलीस. मी ओट्याशी उभी राहून दुसऱ्या दिवशीचे मुद्दे लिहीत होते. तू म्हणालीस, "ताई, कंपनीच्या दवाखान्यातून संपवाल्यांची माणसं बाहेर काढताहेत. आईचे टाके अजून ओले आहेत. मॅनेजरची बायको म्हणाली, वर्धापनदिनाला दोन तास वाजवलंस तर आईचा पलंग अकरा दिवस राहील. तुला राग येईल, म्हणून आधीच सांगते." मी वर न पाहता म्हटलं, "तुला योग्य वाटेल ते कर." मग पाण्याचा पेला माझ्या कागदांपासून दूर सरकवलास, सांडू नये म्हणून, आणि गेलीस.

सकाळी गेटवर नऊशेंच्या जागी दोनशे माणसं होती. संप फुटत होता, ते मला चेहऱ्यांवरून कळत होतं. काय बोललं तर ही माणसं थांबतील, एवढंच डोक्यात होतं. आतून तुझ्या गिटारचा आवाज येत होता. मी माइक घेतला आणि म्हटलं, "आज मी माझ्या घरापासून सुरुवात करते." तुझं नाव घेतलं. का गेलीस ते सांगितलं नाही. आईच्या पलंगाचं सांगितलं असतं तर कोणी तुझ्याकडे बोट दाखवलं नसतं, उलट कंपनीवरच चवताळली असती सगळी. पण ते मला तेव्हा सुचलं नाही, असंही मी म्हणणार नाही. सुचलं होतं. बहिणीचं नाव जास्त जोरात लागेल असं वाटलं.

लागलं. दोनशेंचे चारशे झाले, दुपारी आठशे. नऊ दिवसांनी आपण जिंकलो. ते भाषण चांगलं झालं होतं, भुंग्या. लोक अजून त्याची आठवण काढतात. मी सात वर्षं मान हलवून ऐकून घेते.

माफी मागायला मला छान जमेल. म्हणूनच माझा माझ्यावर भरवसा नाही. जास्त लिहीत नाही. पिकअप वाजवून बघ. ओरडले तर परत पाठव, मी पुन्हा गुंडाळीन.

ताई


२२ मे

प्रिय भुंग्या,

तीन आठवडे झाले. खोकं परत आलेलं नाही, चिठ्ठीही नाही. आई रविवारी बोलून बाहेर येते आणि माझ्याकडे न बघता गॅसकडे जाते. मी विचारत नाही.

मी ठरवलं होतं की जे गेटवर मोडलं ते गेटवरच जोडायचं. माइक घ्यायचा आणि सगळं सांगायचं. आईला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "पुन्हा तिच्यावर भाषण?"

एवढंच म्हणाली. मी खाली बसले.

मग काल जेवणाच्या सुट्टीत खात्यातल्या चौघींना सांगितलं. डबे उघडे होते. माइक नाही, उभी राहिले नाही. हजारांपुढे कधी पाण्याचा पेला लागला नाही, त्या चौघींपुढे तीनदा पाणी प्यायले. सांगून झाल्यावर एकीने डब्याला झाकण लावलं. सगळ्यांत जुनी आहे ती म्हणाली, "आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या ना त्या दिवशी." आणि कोपऱ्यातली, जी कधी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "गिटारचा पट्टा ओढणारा माझा भाऊ. तो अजून मला विचारतो, ती मुलगी वाजवते का?"

मी म्हटलं, वाजवते.

ती म्हणाली, "सांगते त्याला." मग भोंगा झाला आणि आम्ही मशीनवर गेलो.

ताई


११ जून

प्रिय भुंग्या,

चिठ्ठी मिळाली. "आता ऐकू येतं. मानेजवळचा पिकअप बरोबर आहे. खालचा, ब्रिजकडचा अजून जरा तिखट लागतो, स्क्रू फिरवून थोडा खाली घ्यावा लागेल. किती, ते पत्रात सांगता येत नाही. शनिवारी सकाळी गिटार घेऊन येते. स्वयंपाकघरात तू सगळं ऐकलं होतंस, हे मला माहीत होतं, ताई. ते तू स्वतः कधी सांगतेस त्याची वाट बघत होते. भाषण नको."

शनिवारी गेटवर सभा आहे. शेजारच्या मशीनवरची बोलेल. तिला मुद्दे लिहून दिलेत, त्यातले अर्धे तिने खोडले.

बारीक स्क्रूड्रायव्हर टेबलावर काढून ठेवला आहे. तारकाकांनी त्यांचा छोटा ॲम्प वापरायला दिलाय. खुर्ची हात नसलेली ठेवली आहे, म्हणजे तुझं कोपर अडणार नाही. मी जमिनीवर बसेन.

मी गप्प बसेन असं आईला सांगितलं. ती म्हणते, भोंग्याला गप्प करायचं तर त्याचा प्लगच काढावा लागतो. खोलीत प्लगची जागा एकच आहे. ती तुझ्यासाठी मोकळी ठेवली आहे.

ताई